अंगदरावांच्या लॅपटॉपचा राजीनामा

सत्य सांगितल्याने माणसाचे अकल्याण होत नाही, असे ज्या थोर पुरुषांनी लिहून ठेवले त्यांच्यापुढे कधी संगणक आला नव्हता. ही त्यांची पुण्याई म्हणावी. अंगदराव ठुबे यांची पुण्याई तेवढी नव्हती. केडगावातील आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, फाल्गुनातल्या एका शुक्रवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, स्नान-पूजा आटोपून आणि पूर्वाभिमुख बसून त्यांनी एका सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर दिले; आणि पुढचा आठवडाभर त्यांचा संताप काही उतरला नाही.

अंगदराव हे पारनेर तालुक्यात सात नंबरच्या चारीवरील पाणीवापर संस्थेचे सचिव. धरणाचा डावा कालवा, त्याला फुटलेली सातवी चारी आणि त्या चारीवरचे बेचाळीस शेतकरी, एवढा त्यांचा अधिकारप्रदेश. कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटले की कोणी किती तास आपल्या शेताचे दार उघडायचे, याचे एक पाळीपत्रक असते. सात दिवस, एकशे अडुसष्ट तास, बेचाळीस नावे. पाणी आधी शेपटाच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकावरच्या, शेतकऱ्याला द्यायचे आणि मग एकेक दार वर सरकत मुखाशी आणायचे, असा नियम. कारण मुखाशी बसलेल्याला आधी दार उघडू दिले, तर शेपटाला पाण्याची केवळ वार्ता पोहोचते. हे पत्रक आदल्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात दाखल झाले नाही, तर त्या चारीचे दार उघडतच नाही. पाणी पुढे आठ नंबरला निघून जाते.

शनिवारी सकाळी सहा वाजता पाणी सुटणार होते. हंगामातले ते शेवटचे आवर्तन. शेपटाशी लंकाबाई खोसे यांच्या दोन एकरांत कांद्याचे डोंगळे बी धरून उभे होते, आणि बी भरताना पाणी चुकले तर डोंगळ्यात नुसता भुसा उरतो. ही गोष्ट अंगदरावांना ठाऊक होती. त्यांना सगळेच ठाऊक असे. तेच तर दुःख आहे.

पत्रक लॅपटॉपात होते. केवळ लॅपटॉपात. दोन वर्षांपूर्वी एका प्रकल्पातून संस्थेला तो लॅपटॉप मिळाला, तेव्हा अंगदरावांनी त्याला हळदकुंकू वाहिले, सभेत त्याच्यावर वीस मिनिटे भाषण केले आणि संस्थेची जुनी पाळीपत्रके रद्दीत घातली. "कागदाला वाळवी लागते, यंत्राला लागत नाही," हे त्यांचे त्या वेळचे वाक्य. कायद्याने ठेवावीच लागते म्हणून सभेच्या इतिवृत्ताची वही तेवढी शिल्लक होती, आणि ती तपासणीसाठी तालुक्याला गेलेली होती. संस्थेच्या पारनेरच्या खोलीचे छत दुरुस्तीसाठी उतरवलेले असल्याने लॅपटॉप केडगावी आला होता. काम असे कितीसे होते? तारखा बदलायच्या आणि पत्रक पाठवून द्यायचे. चहा निवायच्या आत होणारे काम.

पण पडद्यावरचे ते बारीक वर्तुळ फिरू लागले. चहा निवला, दुसरा झाला, तोही निवला. वर्तुळ फिरतच राहिले.

अशा वेळी शेजाऱ्याला बोलावू नये. अंगदरावांनी बोलावले नव्हतेच. भिमाजी पाचारणे हे समोरच्या दारातून चपला न घालता, हातात दात कोरण्याची काडी घेऊन, आपण होऊन आले. ते वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे ज्या वस्तूला वायर आहे ती वस्तू आपल्या अखत्यारीत येते, अशी त्यांची श्रद्धा होती.

"फेज गेला असल," भिमाजींनी निदान केले.

"लॅपटॉपला फेज नसतो."

"तुमी म्हनताय म्हनून नसतो. नेटवर्क कुठं लिहिलंय बघा. तिथं दाबा. जोडनी नव्यानं करून टाका. जुन्या जोडनीला गंज धरतो."

अंगदरावांनी शोधले, आणि 'नेटवर्क' असे लिहिलेले एक स्थान त्यांना सापडले. तेथे दाबताच यंत्राने अत्यंत सभ्य भाषेत त्यांना एक प्रश्न विचारला. त्याचा आशय असा होता: हा संगणक एखाद्या कार्यालयाच्या जाळ्याचा भाग आहे, की हा घरगुती संगणक आहे?

अंगदराव थबकले. प्रश्न गंभीर होता. त्यांनी लॅपटॉपाकडे पाहिले. तो घरी होता. घरच्या मेजावर, घरच्या विजेवर, घरच्या इंटरनेटवर चालत होता. त्याच्या डाव्या अंगास पत्नी माधुरीबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांचे ताट होते. कार्यालयाचे जाळे म्हणावे, तर कार्यालयाला त्या क्षणी छतसुद्धा नव्हते. एवढ्या पुराव्यानंतर ज्याला संशय राहील त्याला न्यायबुद्धी नाही असेच म्हणावे लागेल. अंगदरावांनी 'घरगुती' यावर बोट ठेवले. यंत्राने, एकदा बंद होऊन उठतो, अशी विनंती केली. त्यांनी अनुमती दिली.

यंत्र उठले, आणि त्याने अंगदरावांना ओळखले नाही.

दोन वर्षे जो पासवर्ड त्याने बिनबोभाट मान्य केला होता, तो त्याने अव्हेरला. अंगदरावांनी पुन्हा लिहिला. एका बोटाने लिहिला, प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारून लिहिला. तो पाचारणे यांनाही पाठ झाला, आणि तरीही यंत्र म्हणे, हे नाव किंवा हा पासवर्ड चुकीचा आहे.

"नाव चुकीचे?" अंगदरावांचा आवाज चढला. "चोपन्न वर्षे हेच नाव आहे!"

"तुमी त्याला काय उत्तर दिलं?" भिमाजींनी विचारले.

"जे खरे ते दिले."

"आता!" भिमाजींनी काडी फेकून दिली. "ठुबे, फॉर्मवर कोनी खरं लिहितं का? खरं लिहिलं की अडकलंच मानूस."

स्वयंपाकघरातून माधुरीबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी परिस्थितीचे अवलोकन केले आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, जनगणनेवाला आला होता तेव्हा बंद पडलेला रेडिओ मोजायचा की नाही, यावर त्या बिचाऱ्याला तुम्ही अर्धा तास बसवून ठेवलं होतंत. तेव्हाच मला वाटलं होतं, हे एक दिवस महागात पडणार."

मदतकक्षाचा क्रमांक लॅपटॉपाच्या पोटावर चिकटवलेला होता. मदतकक्ष पुण्यात होता. सात मिनिटे सनई ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"नमस्कार सर, मी दिशा. आपली काय मदत करू?"

"माझा लॅपटॉप मला आत घेत नाही."

"तक्रार क्रमांक सांगाल का, सर?"

"तक्रार आता करतो आहे."

"तक्रार पोर्टलवर नोंदवावी लागते, सर."

"पोर्टल कोठे आहे?"

"आपल्या लॅपटॉपमध्ये."

अंगदरावांनी डोळे मिटले आणि उघडले. "दुसरा काही मार्ग?"

"आपल्या ऑफिसच्या ईमेलवरून आम्हाला लिहू शकता, सर."

"आणि तो ईमेल कोठे उघडतो, हे आपणच मला सांगा."

"लॅपटॉपमध्ये," दिशा हळूच म्हणाली. ती वाईट मुलगी नव्हती. तिने नियम वाकवून तक्रार तोंडी लिहून घेतली आणि शेवटचे काय केले होते ते विचारले. अंगदरावांनी कुरडयांच्या ताटासह सर्व सांगितले.

"पण सर, आपण 'घरगुती' का निवडलं? तो ऑफिसचा आहे ना?"

"मालकी कार्यालयाची. निवास माझ्या घरी. प्रश्न मालकीविषयी नव्हता."

"हो, पण त्यामुळे तो नेटवर्कमधून बाहेर पडला, सर. आता तो आमचा सदस्य नाही."

हा शब्द उच्चारायला नको होता. अंगदरावांची सव्वीस वर्षे सहकारात गेली होती. सदस्य या शब्दाला त्यांच्या लेखी एक पावित्र्य होते, आणि त्या पावित्र्याला कलमे होती.

"सदस्यत्व असे रद्द होते काय?" ते उभे राहिले. "कारणे दाखवा नोटीस दिलीत? म्हणणे मांडण्याची संधी दिलीत? ठराव कोणत्या सभेत झाला? कोरम होता काय?"

"सर, आम्ही काढलं नाही. तो स्वतःच... म्हणजे, त्यानं राजीनामा दिल्यासारखं आहे."

"राजीनामा दिला म्हणजे तो मंजूर झाला असे होत नाही! मंजूर कोणी केला?"

"तो आपोआप होतो, सर."

अंगदराव मटकन खाली बसले. चौदा वर्षे एका संचालकाचा राजीनामा त्यांनी आपल्या कपाटात नामंजूर ठेवला होता आणि तो संचालक अद्याप सुखाने नांदत होता. आपोआप मंजूर होणारा राजीनामा ही कल्पनाच त्यांना अधर्म्य वाटली.

"मग त्याला पुन्हा सदस्य करून घ्या."

"त्यासाठी आमचे इंजिनिअर प्रत्यक्ष येतील, सर. चार कामकाजाचे दिवस. शनिवार-रविवार धरायचे नाहीत." आणि मग, लिहून दिलेले वाचायचे म्हणून, बिचारी म्हणाली, "माझ्या सेवेला आपण पाचपैकी किती गुण द्याल, सर?"

"उत्तर खरे द्यायचे आहे काय?" अंगदरावांनी विचारले आणि फोन ठेवला.

तेथून पुढे बारा वाजेपर्यंत त्या घरात जे झाले त्याचे सविस्तर वर्णन करणे प्रशस्त नाही. भिमाजींनी लॅपटॉपाला दहा मिनिटे अंधारात ठेवावे असे सुचवले. तो लोखंडी कपाटात ठेवून काढला. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी, भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात तसा तो ठेवून पाहावा, असे जिन्यातूनच ओरडून सांगितले; तो भिजलेला नाही हे त्यांना अंगदराव जिन्यातूनच ओरडून सांगत राहिले. शाखा कार्यालयात फोन लावला, तर शाखाधिकारी गोरक्षनाथ डमाळे म्हणाले, "मागचं पत्रक? आवर्तन संपलं की सिस्टीम ते पुसून टाकते, भाऊसाहेब. पाचच्या आत नवीन पाठवा." सिस्टीम हा शब्द त्यांनी, घरात सासूचे नाव घ्यावे तसा, आदराने आणि जबाबदारी झटकून घेतला.

बारा वाजता फोन वाजला. लंकाबाई.

"भाऊसाहेब, गेलं का पत्रक?"

येथे कोणीही शहाणा माणूस, पाठवतोच आहे, म्हणाला असता. अंगदराव म्हणाले, "नाही. जाण्याची चिन्हेही नाहीत. माझ्या हातून यंत्र बंद पडले आहे."

पलीकडे फोनच बंद झाला.

दोन वाजता कांद्याच्या टेम्पोतून उतरून लंकाबाई जिना चढून आल्या. वय साठीच्या घरातले, डोक्यावर पदर, पायांत पुरुषी चपला. त्यांनी पाणी मागितले नाही की खुर्ची मागितली नाही. दारातच उभ्या राहून त्यांनी त्या मिटलेल्या लॅपटॉपाकडे असे पाहिले, की जणू तो सोयरीक मोडून आलेला पाहुणा होता.

"ह्यात समद्यांच्या पाळ्या हायत?"

"आहेत."

"आन् ह्यो देत न्हाई."

"देत नाही."

"मग कागुद घ्या की. मी सांगते."

अंगदरावांना प्रथम अर्थबोध झाला नाही. "काय सांगता?"

"पाळ्या. बेचाळीसच्या बेचाळीस." त्यांनी भिंतीला टेकून बैठक मारली. "भाऊसाहेब, मुखाशी बसनाऱ्याला सवताची पाळी म्हाईत आसली तरी भागतं. शेपटाला ऱ्हानाऱ्याला समद्यांच्या पाळ्या पाठ लागत्यात. पानी येईना झालं की मी चारीच्या काठानं वर चालत जाते. कुनाचं दार वेळेपरास जास्त उघडं हाय, बघत बघत. बेचाळीस दारं हायत, आन् एकूनएक दारावर मी भांडलेय."

माधुरीबाईंनी न सांगता आखीव ताव आणून ठेवले. अंगदरावांनी फाउंटन पेन काढले. दोन वर्षांनी काढले होते. शाई वाळली होती. नवी भरून झटकले तेव्हा शाईचे पहिले थेंब भिमाजींच्या बनियनवर पडले, आणि त्या दिवसात घडलेली ती पहिली न्याय्य गोष्ट होती.

"लिहा," लंकाबाई म्हणाल्या. "शेपूट. लंकाबाई खोसे, सा तास. तिच्यावर रंभाजी. चार तास. तो पंधरा मिन्टं आधीच दार उघडतो, पर तुमी चारच लिहा. उरलेलं मी बघते. त्याच्यावर कलाबाई, साडेतीन. तिचं वावर उंचाला हाय, पानी चढत न्हाई, म्हनून मागं सभेनं अर्धा वाढवून दिला. लिहिलं?"

"लिहिले."

"मग म्होरं चला. थांबू नका, थांबलात का माझं मोडतं."

अंगदराव लिहीत गेले. आयुष्यभर त्यांनी लोकांना सांगितले होते आणि लोकांनी लिहून घेतले होते. आज त्यांनी मान वर केली नाही. प्रत्येक नावाबरोबर एक भांडण येई, एक बांध येई, एखादी फुटलेली मोरी येई. कोणाचे दार मातीने कोंदलेले, कोणाचे पोत्याने. कोणी दिवसा साव आणि पहाटे चोर. बेचाळिसावे नाव आले.

"मुख. छगन औटी. पाच तास. झालं."

अंगदरावांनी बेरीज केली. पुन्हा केली. एकशे अडुसष्ट. एक मिनिट कमी नाही, एक अधिक नाही. त्यांनी त्या बाईंकडे पाहिले आणि नकळत मिटलेला लॅपटॉप थोडा दूर सारला.

केडगावहून शाखा कार्यालय तासाभराच्या अंतरावर. अंगदरावांची स्कूटर, मागे लंकाबाई, आणि सदऱ्याच्या आत छातीशी धरलेले तीन ताव. चार पस्तीसला ते डमाळे यांच्या मेजासमोर उभे राहिले.

डमाळे यांनी तावाचा एक कोपरा दोन बोटांत धरून उचलला. "भाऊसाहेब, हे काय? पत्रक फक्त ऑनलाइन. हस्तलिखित स्वीकारता येत नाही. तुम्हाला तर नियम माहीत."

माहीत होता. हेच वाक्य, याच स्वरात, अंगदरावांनी स्वतः गेल्या दोन वर्षांत कितीकदा उच्चारले होते. समोरून ऐकताना ते इतके हलकट वाक्य असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

सकाळी सव्वानऊपासून जे आत कोंडले होते त्याने दार फोडले.

"नियम?" त्यांचा आवाज एकदम इतका वर गेला, की पलीकडच्या खोलीतला टंकलेखक उठून उभा राहिला. "बेचाळीस माणसांचे पाणी तुमच्या त्या खोक्याच्या मर्जीवर? मी खरे बोललो म्हणून मला बाहेर काढले! तक्रार करायची तर आत या, आत यायचे तर तक्रार करा! पत्रक काय आकाशातून पडते? ते माणसांचे असते! ही बाई उभी आहे, हिच्या डोक्यात सगळी चारी आहे, हिला नाही लागत पासवर्ड!"

"भाऊसाहेब, शांत व्हा..."

"होणार नाही! घेता येत नाही ना? उत्तम. मग याच तावावर लिहा: 'सात नंबरच्या चारीचे पत्रक मुदतीत आले, मी ते नाकारले.' खाली सही करा. सहीखाली नाव लिहा, नावाखाली हुद्दा लिहा, आणि वर शिक्का मारा. एक प्रत मला. लेखी नकार घेतल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही!"

वास्तविक ते खुर्चीवर बसलेले नव्हते. हे ध्यानात येताच ते खुर्ची ओढून बसले.

ज्या मनुष्याने कधी कचेरीत काम केले नाही, त्याला या मागणीतील भयंकरता कळायची नाही. तोंडी नकार वाऱ्यावर जातो. लेखी नकार दप्तरात राहतो, आणि पुढेमागे कोणीतरी तो उघडून वाचतो. डमाळे यांनी पेन उचलले. पेन खाली ठेवले. घड्याळाकडे पाहिले. लंकाबाईंकडे पाहिले; त्यांनी मेजापाशी जमिनीवर बैठक मारली होती. चार वाजून एकावन्न मिनिटांनी डमाळे यांनी खण उघडला आणि तिन्ही तावांवर 'आवक' असा शिक्का उमटवला.

"मीच टाकतो सिस्टीमवर," ते पुटपुटले. "बेचाळीस तर नावं आहेत."

शनिवारी सकाळी सहाला दार उचलले गेले. दुपारच्या आत पाणी शेपटाशी पोहोचले, आणि लंकाबाईंचे डोंगळे सहा तास प्याले.

गोष्ट येथे संपली असती तर अंगदरावांचा मान शाबूत राहिला असता. परंतु आवर्तन संपत आले आणि मुखाशी बसलेले छगन औटी यांचा फोन आला. ते फोनवर कधीच बोलत नसत, ओरडत असत.

"भाऊसाहेब, माझा एक तास कोनी खाल्ला? माझं सा तास आसत्यात! पाटकरी म्हनतो, कागदावर पाचच हायत!"

"पत्रकात पाच आहेत."

"मशिनीत बघा! मशिनीत सा हायत!"

मशीन त्याच दिवशी, गुरुवारी, सुधारले. पुण्याहून इंजिनिअर आला, त्याने कोठे तरी दोन शब्द लिहिले, अकरा मिनिटांत लॅपटॉपाला पुन्हा सदस्य करून घेतले आणि चहाही न घेता गेला. अकरा मिनिटे! अंगदरावांना त्या अकरा मिनिटांचा जेवढा राग आला तेवढा आठवड्याचा आला नव्हता. त्याच रागात त्यांनी पत्रक उघडले.

छगन औटी: सहा तास. लंकाबाई खोसे: पाच तास.

मधली चाळीस नावे तंतोतंत जुळत होती. म्हणजे बाईने हात मारला तर! चाळीस पाळ्या धर्मराजासारख्या सांगायच्या, आणि जाता जाता छगनचा एक तास आपल्या पदरात बांधायचा! आणि आपण तिच्यासाठी कचेरीत गळा फाडला! "खरे बोलणारा या जगात एक मीच," असे ते माधुरीबाईंना तीन वेळा म्हणाले. लंकाबाईंना बोलावून, सभेपुढे उभे करून, खुलासा मागवायचा त्यांनी निश्चय केला, आणि पुरावा हाताशी असावा म्हणून तपासणी होऊन आलेली इतिवृत्ताची वही तालुक्याहून स्वतः जाऊन आणली.

वही त्यांनी स्कूटरवर बसूनच उघडली. ठराव क्रमांक नऊ. त्यांचेच हस्ताक्षर, त्यांचीच सही.

लंकाबाई खोसे: सहा तास. छगन औटी: पाच तास.

दोन वर्षांपूर्वी, लॅपटॉप नवा असताना, मुखापासून शेपटापर्यंतची यादी उलटी करून शेपटापासून मुखापर्यंत लावताना, त्यांनी एकेक ओळ उचलून खालीवर केली होती. पहिल्या आणि शेवटच्या ओळीची नावे हलली. आकडे जागचे हलले नाहीत. बेरीज जुळली, म्हणून त्यांनी पुन्हा पाहिले नाही. दोन वर्षे प्रत्येक आवर्तनात शेपटाचा एक तास मुखाला मिळत होता, आणि तो देणारे अंगदराव होते.

आठवडाभर राग ज्याच्यावर काढावा अशी माणसे सापडत गेली होती. आता एकच उरला, आणि तो त्यांच्याच स्कूटरवर बसला होता.

ते घरी गेले नाहीत, शेपटाकडे गेले. लंकाबाई वावरात होत्या. डोंगळे पांढरेशुभ्र, भरलेले, कमरेएवढे उंच. अंगदरावांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. वाचता येत नाही म्हणून त्यांनी ती बघितलीही नाही.

"चूक माझी होती," अंगदराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "तुमचे सहाच तास आहेत. ठरावात सहा आहेत."

"ठाव हाय की. दोन वर्सं सांगत हुते. तीनदा आले तुमच्याकडं. तुमी दर वक्ताला त्यो डबा उघडायचा आन् म्हनायचा, यंत्रात पाचच हायत, बाई."

अंगदरावांना ते तिन्ही प्रसंग आठवले. त्या तिन्ही वेळी आपण घड्याळाकडे पाहिले होते, हेही आठवले. "मग त्या दिवशी, मी लिहीत असताना, का बोलला नाहीत? तेव्हा तरी मला धरायचे."

"त्या दिशी तुमी पैल्यांदा मी सांगंल तसं लिहीत हुता," लंकाबाई म्हणाल्या. "लिहिनाऱ्याला मधी कशाला टोकू?"

अंगदरावांनी वही मिटली. "लॅपटॉपात दुरुस्ती करतो. आजच करतो."

"डब्यात करा न्हाईतर करू नका. सभेत सांगा. सोमवारी सभा हाय. छगन म्होरंच बसलेला आसंल. तो म्हनंल, बाईनं तास चोरला. त्याच्या तोंडावर सांगा का बाईनं न्हाई चोरला."

"सांगतो," अंगदराव म्हणाले.

"कसं सांगाल?"

"चूक माझी आहे, असे सांगेन."

लंकाबाईंनी नापसंतीने मान हलवली. "ह्या आवाजात? छगन गिळून टाकील तुमाला. त्या सायबापुढं कसा आवाज काढला हुता? तसा काढा. चूक कबूल करायची तर रागानं करावी, भाऊसाहेब. न्हाईतर मानसांना वाटतं, कुनी दमात घेतलंय."

"आता? येथे?"

"मग काय सभेत पैल्यांदा?"

अंगदरावांनी इकडेतिकडे पाहिले. बांधावर कोणी नव्हते. त्यांनी घसा खाकरला, सदरा सरळ केला, वही काखेत घट्ट धरली, आणि त्या पांढऱ्या डोंगळ्यांपुढे सर्व बळ एकवटून ओरडले:

"चूक माझी आहे!"

डोंगळ्यांवरच्या मधमाश्या एकदम उठल्या. लंकाबाईंनी कमरेवर हात ठेवून, चारी जेथून येते त्या दिशेला जरा वेळ पाहिले.

"हितं आलं ऐकू," त्या म्हणाल्या. "पर छगनचं वावर चार मैलांवर हाय."